संगणकाच्या प्रोसेसरची नवी पिढी : बदलाच्या निर्णयाचे गणित

विद्यापीठांचे विभाग, प्रयोगशाळा आणि कार्यालये यांच्यापुढे दर दोन-तीन वर्षांनी एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. प्रोसेसरची, म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष गणनक्रिया करणाऱ्या घटकाची, नवी पिढी बाजारात आलेली असते. तिच्या वेगाचे आकडे सर्वतोमुखी झालेले असतात. आणि विभागातील चालते यंत्र त्या आकड्यांपुढे एकाएकी जुनाट वाटू लागते. अनुदानाची मुदत मार्चअखेर संपत असल्यामुळे निर्णय घाईने होतो, नवे यंत्र येते, परंतु संशोधकाचे काम पूर्वीइतकाच वेळ घेत राहते, असा अनुभव विरळा नाही. याउलट, नव्या यंत्राने जेथे संशोधनाचा आवाकाच वाढला असता, तेथे ‘जुने अजून चालते आहे’ या समजुतीवर खरेदी वर्षानुवर्षे लांबणीवर पडते.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा सरस आहे काय, एवढाच प्रश्न विचारला जातो. आणि त्याचे उत्तर बहुधा होकारार्थी येत असल्यामुळे त्यापासून निर्णयास काहीच साहाय्य होत नाही. विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. आपल्या कामाचा किती भाग प्रोसेसरसाठी खोळंबून राहतो? आणि तो खोळंबा कमी झाल्यास, आज जे होऊ शकत नाही असे काही होऊ लागेल काय? या दोन प्रश्नांची उत्तरे कशी काढावयाची, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. ‘पिढी’ या शब्दाचा अर्थ

संगणकाच्या इतिहासात ‘पिढी’ हा शब्द प्रथम ज्या अर्थाने रूढ झाला, तो यंत्राच्या घडणीतील मूलभूत बदलाचा होता. निर्वात नलिकांची यंत्रे ही पहिली पिढी, ट्रान्झिस्टरची दुसरी आणि एकात्मिक मंडलांची तिसरी. या अर्थाने झालेला पिढीबदल मुंबईतच पाहावयास मिळाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. तो निर्वात नलिकांवर चालत असे आणि त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र आले. त्याच्या स्मृतीत ४८ बिटांचे सुमारे ३२ हजार शब्द सामावत होते. जी गणिते जुन्या यंत्राच्या स्मृतीत मावतच नव्हती, ती नव्या यंत्रावर मांडता येऊ लागली. असा बदल करावा की करू नये, याविषयी फार मोठा वाद संभवत नव्हता.

आज बाजारात ‘पिढी’ हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो, तो याहून पुष्कळच सैल आहे. कधी त्यामागे प्रोसेसरची संपूर्ण नवी रचना असते, कधी जुन्याच रचनेची किंचित सुधारलेली आवृत्ती, तर कधी केवळ नवे नाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंटेलने मेजावरील संगणकांसाठी चौदावी पिढी म्हणून जे प्रोसेसर विक्रीस आणले, त्यांची रचना मुख्यतः तेराव्या पिढीचीच होती. एएमडी या कंपनीच्या लॅपटॉपसाठी असलेल्या रायझन ७००० मालिकेत तर एकाच वेळी झेन २ पासून झेन ४ पर्यंतच्या निरनिराळ्या रचना एकत्र नांदत होत्या. वेष्टनावरील आकडा नवा, पण आतील रचना काही वर्षांपूर्वीची, अशी ती स्थिती होती. यास्तव पिढीचा क्रमांक हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. त्या क्रमांकामागे रचना कोणती आहे, हे प्रथम पाहावयास हवे.

२. वेगवाढ का मंदावली

जुन्या पिढीच्या संगणक-व्यावसायिकांच्या मनात एक समज घट्ट रुजलेला आढळतो, तो असा की, दोन वर्षे थांबले की दुप्पट वेगाचे यंत्र मिळते. तो एके काळी बव्हंशी खरा होता. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली असे भाकीत केले की, एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. हे विधान घटकांच्या संख्येविषयी होते, वेगाविषयी नव्हे. संख्येबरोबर वेगही वाढत गेला याचे कारण रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली दाखवून दिलेल्या तत्त्वात आहे. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याला लागणारा विद्युत्दाबही त्याच प्रमाणात उतरविला, तर दर चौरस मिलिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. म्हणून अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालविता येतात.

या तत्त्वाच्या बळावर जी प्रगती झाली ती विलक्षण होती. १९८९ साली आलेल्या इंटेल ८०४८६ या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला २.५ कोटी ठोके देई, म्हणजे त्याचा वेग २५ मेगाहर्ट्झ होता. नोव्हेंबर २००२ मध्ये पेंटियम ४ ने ३.०६ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. अवघ्या १३ वर्षांत ही वाढ सुमारे १२० पट झाली. परंतु याच सुमारास विद्युत्दाब आणखी उतरविणे कठीण होऊ लागले, कारण तो एका मर्यादेखाली गेला की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपत राहते. उष्णता बाहेर कशी काढावयाची, हा प्रश्न मुख्य होऊन बसला. मार्च २०२४ मध्ये विक्रीस आलेला इंटेलचा मेजावरील संगणकासाठीचा अत्यंत वेगवान प्रोसेसर काही क्षणांपुरता ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे त्यापूर्वीच्या २१ वर्षांत घड्याळाचा वेग केवळ दुपटीने वाढला.

२००४ नंतरची प्रगती मुख्यतः दोन मार्गांनी झाली आहे. एक, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यात अधिक आज्ञा पार पाडणे. दुसरा, एकाच चकतीवर अनेक स्वतंत्र गणनकेंद्रे, म्हणजे कोअर, बसविणे. पहिल्या मार्गातील पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. एएमडीने मार्च २०१७ मध्ये आणलेल्या झेन रचनेत दर ठोक्यामागील काम आधीच्या रचनेपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने जाहीर केले. २०२० मधील झेन ३ साठी हा आकडा १९ टक्के होता आणि २०२४ मधील झेन ५ साठी १६ टक्के. दर पिढीस १५ टक्के वाढ धरली, तर एका पिढीने वेग १.१५ पट होतो, तीन पिढ्यांनी सुमारे १.५ पट आणि पाच पिढ्यांनी सुमारे दुप्पट. एका पिढीचा फरक सामान्य कामात जाणवणारही नाही; पाच पिढ्यांचा फरक मात्र नजरेत भरतो. लागोपाठच्या प्रत्येक पिढीला यंत्र बदलणे फारसे फलदायी का ठरत नाही, याचे पहिले कारण या साध्या गुणाकारात आहे.

३. एका पिढीचा दाखला

नवी पिढी ही जुन्यापेक्षा सरस असतेच असेही नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेली पेंटियम ४ ची ‘प्रेस्कॉट’ ही आवृत्ती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तीत पाइपलाइनचे टप्पे २० वरून ३१ करण्यात आले होते. पाइपलाइन म्हणजे काय हे विहिरीपासून घरापर्यंत हातोहात घागरी पोचविणाऱ्या माणसांच्या रांगेवरून समजू शकेल. रांगेत माणसे अधिक उभी केली की प्रत्येकाला थोडेच अंतर पार करावे लागते, आणि घागरी अधिक झपाट्याने पुढे सरकतात. परंतु रांगेत चुकीचे पाणी सोडले गेल्याचे शेवटी ध्यानात आले, तर वाटेतील सर्व घागरी रित्या करून आरंभापासून प्रारंभ करावा लागतो. आणि रांग जितकी लांब तितके हे नुकसान मोठे. प्रोसेसरही पुढील आज्ञा कोणती असेल याचा अंदाज बांधून ती आधीच रांगेत सोडत असतो. अंदाज चुकला की रांगेतील काम वाया जाते.

प्रेस्कॉटच्या रचनाकारांना लांब रांगेच्या बळावर घड्याळाचा वेग पुष्कळ वाढविण्याची आशा होती. ती उष्णतेमुळे सफल झाली नाही. समान घड्याळवेगावर हा प्रोसेसर कित्येक कामांत आपल्या पूर्वजाच्या फारसा पुढे गेला नाही, काही कामांत मागेही पडला, आणि तापत मात्र अधिक होता. मे २००४ मध्ये इंटेलने त्याच परंपरेतील पुढील प्रोसेसरची योजना रद्द केली; त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चाही बेत सोडून दिला. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओने २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या वेगावर ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकले, आणि त्यासाठी ठरविलेली उष्णतेची मर्यादा ११५ वॉटऐवजी ६५ वॉट होती. २००४ साली ज्याने घाईने पैसे खर्च केले त्याच्या पदरी फार थोडे पडले. २००६ साली ज्याने केले त्याला खऱ्या अर्थाने नवे यंत्र मिळाले. दोन्ही वेळी बाजारातील भाषा मात्र एकच होती.

४. अ‍ॅम्डाल यांचा नियम

आता मुख्य गणिताकडे वळता येईल. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेल्या युक्तिवादाचा आशय असा की, कामाच्या एका भागाचा वेग कितीही वाढविला, तरी एकूण लाभ हा उरलेल्या भागाने बांधलेला असतो. त्यांचे विवेचन अनेक प्रोसेसरांनी एकत्र काम करण्यासंबंधी होते. परंतु ते कोणत्याही आंशिक सुधारणेस तसेच लागू पडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या विभागात सर्वेक्षणाच्या सामग्रीचे विश्लेषण करण्यास १०० मिनिटे लागतात. त्यांपैकी ४० मिनिटे प्रोसेसर प्रत्यक्ष गणन करतो, ४५ मिनिटे जुन्या हार्ड डिस्कवरून सामग्री वाचण्यात जातात आणि १५ मिनिटे इतर कारणांनी खर्च होतात. नवा प्रोसेसर २५ टक्के वेगवान आहे असे धरले, तर ४० मिनिटांचे काम ३२ मिनिटांत होईल. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी लागते. वेग २५ टक्क्यांनी वाढला की वेळ २५ टक्क्यांनी घटत नाही, २० टक्क्यांनीच घटतो. जाहिरातीतील आकडा नेहमी यांपैकी मोठा असतो. एकूण काम आता ९२ मिनिटांत होईल. म्हणजे २५ टक्क्यांच्या घोषणेतून हाती आलेली बचत ८ टक्के.

समजा, प्रोसेसर अनंत वेगाचा मिळाला. तरीही उरलेली ६० मिनिटे कायम राहतात. आता प्रोसेसर तोच ठेवून हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविली आणि वाचनाचा वेळ एकपंचमांश झाला असे धरले, तर ४५ मिनिटांची ९ मिनिटे होतात, आणि एकूण काम ६४ मिनिटांत पुरे होते. अनंत वेगाच्या प्रोसेसरने जे साधले असते त्याच्या अगदी निकट जाणारा हा परिणाम अल्प खर्चात साध्य होतो. हे प्रमाण उलट असते, म्हणजे १०० पैकी ९० मिनिटे प्रोसेसरच्या वाट्याची असती, तर निष्कर्षही उलट झाला असता. निर्णय प्रोसेसरच्या गुणांवर नव्हे, तर कामाच्या विभागणीवर अवलंबून आहे, हा या नियमाचा बोध होय.

अनेक कोअरच्या प्रोसेसरलाही हेच लागू आहे. आठ कोअरच्या जागी सोळा आले, तरी वापरातील आज्ञावली एकाच कोअरवर चालण्याजोगी लिहिलेली असेल, तर पंधरा कोअर स्वस्थ बसून राहतात. अशा वेळी कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग हाच निर्णायक ठरतो.

५. प्रोसेसर कशासाठी थांबतो

प्रोसेसर स्वतः पुष्कळदा रिकामाच असतो, ही गोष्ट सामान्य वापरकर्त्यास सहसा जाणवत नाही. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके मोजतो. मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, एखादी संख्या आणावयास साधारणतः १०० नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात सुमारे ३०० ठोके निघून जातात. फिरत्या हार्ड डिस्कवरील मजकुरापर्यंत पोचावयास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३ कोटी ठोके होतात. या खोळंब्याची झळ कमी व्हावी म्हणून प्रोसेसरमध्ये ‘कॅश’ ही लहान पण अतिशय जलद स्मृती ठेवलेली असते. काम तिच्यात मावले तर प्रोसेसर भरधाव चालतो. न मावले तर नव्या पिढीचा प्रोसेसरही रॅमच्या दारात तिष्ठत उभा राहतो.

रॅम अपुरी पडणे ही याहूनही वाईट अवस्था होय. स्मृतीत न मावणारी सामग्री संगणक डिस्कवर ठेवू लागतो आणि पुन्हा पुन्हा तेथून आणतो. अशा यंत्रात केवळ प्रोसेसर बदलणे म्हणजे अरुंद पुलाच्या अलीकडचा रस्ता रुंद करण्यासारखे आहे. गाड्या पुलापर्यंत लवकर पोचतात, एवढेच.

६. मोजमाप कसे करावे

वेगाच्या तुलनेसाठी प्रमाणित चाचण्या उपलब्ध आहेत. १९८८ साली स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेच्या चाचण्यांत निरनिराळ्या क्षेत्रांतील प्रत्यक्ष आज्ञावली चालवून त्यांच्या निकालांचा भूमितीय मध्य काढण्यात येतो. अशा चाचण्या यदृच्छेने केलेल्या तुलनेपेक्षा निःसंशय श्रेष्ठ होत. तथापि मध्य हा मध्यच असतो. त्यातील एका कामात ४० टक्के वाढ आणि दुसऱ्यात ५ टक्के वाढ झालेली असू शकते, आणि विभागाचे काम कोणत्या टोकाला आहे हे त्या एका आकड्यावरून समजत नाही. म्हणून स्वतःच्या कामाचे मोजमाप करण्यास पर्याय नाही.

हे मोजमाप अवघड नाही. नेहमीचे एखादे प्रातिनिधिक काम निवडावे, ते चालू असताना कार्यप्रणालीसोबत येणारे देखरेखीचे साधन उघडून प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचा वापर किती होतो हे पाहावे आणि नोंदवावे. येथे एक फसवणूक टाळावयास हवी. आठ कोअरच्या यंत्रात एकच कोअर पूर्णपणे गुंतलेला असेल, तर एकूण वापर केवळ १२.५ टक्के दिसतो. त्यावरून प्रोसेसर मोकळा आहे असा समज होतो, आणि तो चुकीचा असतो. म्हणून प्रत्येक कोअरचा वापर स्वतंत्रपणे पाहावा. तेच काम लागोपाठ दुसऱ्यांदा चालविल्यास ते बहुधा लवकर आटोपते, कारण सामग्री आधीच रॅममध्ये आलेली असते. यासाठी मोजणी पाच-सहा वेळा करून मधला आकडा घ्यावा. शक्य असल्यास नव्या पिढीचे यंत्र असलेल्या दुसऱ्या विभागात तेच काम, त्याच सामग्रीवर, चालवून पाहावे. एका दुपारच्या या खटाटोपाने लाखो रुपयांच्या खरेदीचा निर्णय भक्कम पायावर येतो.

७. किमतीत न दिसणारा खर्च

प्रोसेसरची किंमत ही बदलाची एकंदर किंमत नव्हे. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिची घडण पिढीगणिक बदलू शकते. एएमडीची एएम४ ही खाच बरीच वर्षे टिकली आणि तीत अनेक पिढ्यांचे प्रोसेसर बसले. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ खाचेसाठी मात्र नवा मदरबोर्ड आणि डीडीआर५ प्रकारची नवी रॅम दोन्ही आवश्यक झाली. इंटेलच्या मेजावरील संगणकांच्या खाचा २०२०, २०२१ आणि २०२४ अशा तीनदा बदलल्या. २०१७ साली तर खाचेचे नाव तेच राहूनही आठव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी नवा मदरबोर्ड घ्यावा लागला. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बहुधा कायमचा जोडलेला असल्यामुळे तेथे ‘प्रोसेसर बदलणे’ म्हणजे यंत्रच बदलणे होय. त्याखेरीज जुन्या आज्ञावली नव्या यंत्रावर बसविणे, त्यांची पडताळणी करणे आणि पूर्वीच्या निष्कर्षांशी मेळ पाहणे यांत संशोधकाचे कित्येक दिवस जातात. हे दिवस देयकात दिसत नसले, तरी ते खर्चच आहेत.

विजेचा हिशेब मात्र कधी कधी नव्या यंत्राच्या बाजूने उभा राहतो. दोन यंत्रांच्या वापरात १०० वॉटचा फरक असेल आणि यंत्र रोज ८ तास, वर्षातून २५० दिवस चालत असेल, तर वर्षाकाठी २०० युनिट वाचतात. दर युनिटला १० रुपये धरल्यास ही बचत २,००० रुपये होते. एका मेजावरील यंत्रासाठी ती निर्णायक नाही. अहोरात्र चालणाऱ्या शेकडो यंत्रांच्या संचात मात्र हाच मुद्दा अग्रभागी येतो. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने २००८ मधील ‘परम युवा’ या ५४ टेराफ्लॉप क्षमतेच्या महासंगणकाचे २०१३ मध्ये ‘परम युवा २’ मध्ये रूपांतर केले, तेव्हा क्षमता ५२४ टेराफ्लॉपपर्यंत गेली आणि विजेचा वापर आधीच्या व्यवस्थेपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या बाजूने, संगणकाच्या निर्मितीतच पुष्कळ ऊर्जा, पाणी व खनिजे खर्ची पडलेली असतात. म्हणून चांगले चालणारे यंत्र अकाली मोडीत काढणे हा केवळ पैशाचाच अपव्यय नव्हे.

८. वेगाखेरीज इतर कारणे

काही वेळा बदल वेगासाठी नव्हे, तर अन्य कारणाने भाग पडतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारे नेहमीचे सुरक्षा-साहाय्य संपले. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ साठी, काही अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे वेगाच्या दृष्टीने पुरेशी असलेली असंख्य यंत्रे एका तारखेने जुनी ठरली. अशा ठिकाणी काही अटींवर मिळणारी मुदतवाढ घेणे, लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसविणे आणि नवे यंत्र घेणे या तिन्ही पर्यायांची तुलना व्हावयास हवी. पहिले दोन पर्याय विचारातच न घेणे योग्य नव्हे.

सुरक्षेचा प्रश्न प्रोसेसरच्या रचनेतूनही उद्भवू शकतो. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या नावांनी ओळखले जाणारे दोष उघडकीस आले. आज्ञांचा अंदाज आधीच बांधण्याच्या ज्या युक्तीने प्रोसेसर वेगवान झाले होते, तिच्यातूनच गुप्त माहिती बाहेर फुटू शकते असे आढळले. त्यावरील उपायांनी जुन्या प्रोसेसरचा काही कामांतील वेग घटला. पुढील रचनांत यांतील काही दोषांवरचे उपाय चकतीतच योजण्यात आले. पण नवेपणा हीच सुरक्षिततेची हमी असेही मानता येत नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत अवाजवी विद्युत्दाबामुळे अस्थिरता निर्माण होत असल्याचे २०२४ मध्ये निष्पन्न झाले, आणि कंपनीने सुधारणा देऊन हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. नवी पिढी आल्यावर काही महिने थांबून तिचा अनुभव पाहावा, ही सावधगिरी यामुळे समर्थनीय ठरते.

मात्र थांबण्यासही मर्यादा आहे. १९९९ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातील काही संशोधकांनी अर्धवट विनोदाने एक हिशेब मांडला होता. यंत्राचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर २६ महिन्यांहून अधिक काळ चालणारे गणित आज सुरू करण्यापेक्षा आधी स्वस्थ बसून पुढे वेगवान यंत्रावर करणे हिताचे ठरते. वेगवाढ मंद झाली की हा हिशेब पालटतो. दुप्पट होण्यास साडेसात वर्षे लागत असतील, तर ती मर्यादा २६ महिन्यांवरून सुमारे ११ वर्षांवर जाते. याचा अर्थ असा की, ज्याला यंत्राची आज खरी गरज आहे, त्याने अधिक चांगल्याच्या आशेने वर्षानुवर्षे थांबण्यात आता लाभ उरलेला नाही.

९. उंबरठा

वेळ किती वाचला हे कळल्यानंतरही एक प्रश्न उरतो. त्या वाचलेल्या वेळाचे मोल काय? रात्री लावून ठेवलेले काम सहा तासांऐवजी पाच तासांत झाले, तर संशोधकाला निष्कर्ष सकाळीच मिळावयाचा असतो व सकाळीच मिळतो. बचत एका तासाची, उपयोग शून्य. परंतु रोज येणाऱ्या सामग्रीवरील प्रक्रियेस २६ तास लागत असतील आणि नव्या यंत्रावर ती २० तासांत होत असेल, तर प्रमाणाने जवळपास तेवढीच असलेली ही बचत सारे चित्र बदलून टाकते. कारण पूर्वी काम दिवसेंदिवस तुंबत जाई, आता ते रोजच्या रोज पुरे होते. दोन्ही ठिकाणी टक्केवारी साधारण सारखी असली, तरी दुसऱ्या ठिकाणी एक उंबरठा ओलांडला जातो.

या तत्त्वाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत आढळते. तेथे २०१८ साली ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’. हवामानाचा अंदाज वर्तविताना वातावरणावर एक काल्पनिक जाळे पसरून प्रत्येक चौकटीतील तापमान, दाब, वारा आदींचे गणित करावे लागते. जाळ्यातील अंतर निम्मे केले, तर लांबी-रुंदीच्या दिशेने चौकटी चौपट होतात, आणि गणिताची काल-पावलेही निम्मी करावी लागतात. ढोबळ हिशेबाने काम आठपट वाढते. शिवाय हे काम वेळेत संपले पाहिजे, कारण पाऊस पडून गेल्यावर हाती आलेल्या अंदाजाचा शेतकऱ्याला काहीच उपयोग नाही. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये हे अंतर १२ किलोमीटरांवरून ६ किलोमीटरांवर आणण्यात आले, आणि पूर्वी सुमारे १० तासांपर्यंत चालणारे गणन सुमारे ४ तासांत होऊ लागल्याचे सांगण्यात आले. येथे यंत्रबदलाचे समर्थन ‘तिप्पट वेग’ या शब्दांत नसून, पूर्वी अधिक विस्तृत प्रदेशासाठी एकच असलेला अंदाज आता लहान लहान ग्रामसमूहांच्या पातळीवर उतरविता येतो, या शब्दांत आहे. यातील सारे श्रेय प्रोसेसरचे नाही, हेही नमूद करावयास हवे. यंत्राबरोबर जाळ्याची रचना व गणनाची पद्धतीही बदलण्यात आली. आठपट कामाचा भार तिप्पट यंत्राने एकट्याने पेलला नसता.

विभागाच्या पातळीवर याच न्यायाने आणखी एक पर्याय पुढे येतो. मोठे गणन वर्षातून मोजकेच दिवस करावयाचे असेल, तर ते सामायिक सुविधेवर करावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा ७९७ टेराफ्लॉप क्षमतेचा महासंगणक २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर या संस्थेत आला. अशा ठिकाणी वेळ मागून घेणे हे विभागातील प्रत्येक मेजावर महागडा प्रोसेसर ठेवण्यापेक्षा पुष्कळदा अधिक शहाणपणाचे असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून निर्णयाचा क्रम पुढीलप्रमाणे ठरविता येईल. प्रथम, कार्यप्रणाली, सुरक्षा अथवा विशिष्ट आज्ञावली यांमुळे बदल अपरिहार्य झाला आहे काय हे पाहावे. तसे नसल्यास नेहमीच्या कामाचे मोजमाप करून प्रोसेसरचा वाटा काढावा. तो वाटा निम्म्याहून कमी असेल, तर पैसे आधी रॅम आणि एसएसडी यांवर खर्च करावे. वाटा मोठा असेल, तर विचाराधीन प्रोसेसरवर तेच काम चालवून प्रत्यक्ष वेळ मोजावा आणि मदरबोर्ड, रॅम व पुनर्रचनेचे श्रम धरून एकूण खर्च मांडावा. शेवटी, वाचणाऱ्या वेळाने कोणता उंबरठा ओलांडला जातो, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता आले, तर अनुदानाच्या अर्जातील सर्वांत प्रबळ समर्थन तेच होय. लिहिता आले नाही, तर जुने यंत्र आणखी एक-दोन वर्षे निश्चिंतपणे वापरावे.

मोजमापांची ही नोंद विभागाने जपून ठेवावयास हवी. पुढील पिढी बाजारात येईल तेव्हा ताडून पाहण्यासाठी स्वतःचेच जुने आकडे हाताशी असतील, आणि त्या वेळचा निर्णय जाहिरातीपेक्षा अधिक विश्वसनीय आधारावर घेता येईल.